भिडस्त, लाजाळू, बुजरा : प्रश्नावलीत कुठला शब्द घालायचा?

प्रश्न
नमस्कार, मी कोल्हापुरात मानसशास्त्रात एमए करते. प्रोजेक्टसाठी व्यक्तिमत्त्वाची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणतेय. त्यात बहिर्मुखतेच्या भागात एक उलट गुणांकनाचं विधान आहे, म्हणजे 'हो' म्हटलं की बहिर्मुखतेचे गुण कमी होतात. तिथल्या 'शाय'ला मी 'भिडस्त' लिहिलं, मैत्रीण म्हणते 'लाजाळू' लिही, आणि आई म्हणते दोन्ही एकच. खरंच एकच आहेत का?

उत्तर
एकच नाहीत ताई, आणि या शब्दावर तुझे आकडे फिरतील म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मामा शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर असतात, दिवसभर सौदे, मोठ्यानं बोलणं, चार माणसं गोळा करून चहा, म्हणजे बहिर्मुख माणूस म्हणून बोट दाखवावं असे. पण ओळखीतल्या कुणी उधार मागितलं की तोंडातून 'नाही' निघत नाही. घरात सगळे म्हणतात 'मामा लई भिडस्त हाईत', लाजाळू असं कुणीच म्हणत नाही. आता तुझ्या कागदावर ते प्रामाणिकपणे 'हो' लिहिणार आणि त्यांची बहिर्मुखता खाली येणार! चूक मामांची नाही, शब्दाची आहे. समोरच्याचं मन मोडायचं नाही हा जो भाव आहे तो पंचघटकांत, म्हणजे व्यक्तिमत्त्व ज्या पाच मोठ्या गुणांत मोजतात त्यांत, सौहार्दाच्या (इतरांशी जुळवून घेण्याच्या) बाजूला जास्त झुकतो, बहिर्मुखतेतला ठामपणा तेवढा कमी पडतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हणसुद्धा नाही म्हणता न येणाऱ्याबद्दलच आहे.

उत्तर
वरचं पटलं, पण अर्धंच. 'स्टेजवर आता त्याची भीड चेपली' म्हणतो तेव्हा भीड म्हणजे सरळ बुजणंच की. 'भिडेखातर' आणि 'भीड घालणे' यात मात्र मुरवत आहे. म्हणजे भीड या शब्दात दोन्ही अर्थ आहेत, 'भिडस्त' म्हटल्यावर कोण कुठला घेईल सांगता येत नाही, आणि मोजणीत तेच नको असतं. 'बुजरा' आमच्याकडं पाहुणे आले की आईच्या पदराआड जाणाऱ्या पोराला म्हणतात, मोठ्या माणसाला तो शब्द कमीपणाचा वाटतो. 'लाजाळू'ला लाजेचा, म्हणजे शरमेचाही वास आहे.

आणि मुळात इंग्रजीतही हे एवढं सोपं नाही. चीक आणि बस या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये दाखवलं की बुजणं आणि माणसांची आवड नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एखाद्याला माणसं हवी असतात तरी तो बुजतो. कोस्टा-मॅक्रे यांच्या पंचघटकांच्या चाचणीत तर चारचौघांत अवघडणं हे बहिर्मुखतेत नाहीच, भावनिक अस्थिरता या दुसऱ्या घटकाखाली आहे.

उत्तर
यातली मोठी गोष्ट राहूनच जाते म्हणून लिहितो. हे पाच घटक आले कुठून, तर बऱ्याच अंशी डिक्शनरीतून. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे 17,953 शब्द काढले, त्यातले टिकाऊ गुणांचे सुमारे साडेचार हजार, आणि पुढच्यांनी त्यांची गाळणी केली. माणसात जो फरक लोकांना महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेत शब्द तयार होतो, हे त्यामागचं गृहीतक. मग भिडस्त, खमक्या, बेरकी, चिवट, रांगडा हे आपले शब्द कुणी याच पद्धतीनं मोजले पाहिजेत की! भिडस्तसाठी इंग्रजीत एक शब्द मला तरी सापडत नाही. नुसतं भाषांतर करत राहिलो तर इंग्रजीत ज्याला नाव आहे तेवढंच आपण मोजणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार, खूप मदत झाली. विशेषण काढून टाकते आणि वागणंच लिहिते : 'अनोळखी माणसांशी आपणहून बोलायला मला अवघड जातं.' इंग्रजी न बघता दुसऱ्या कुणाकडून हे परत इंग्रजीत करून घेणार, मूळ विधानाशी जुळतं का बघायला. आणि मामांसाठी एक वेगळं विधान, 'ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही', ते सध्या कुठल्याच बेरजेत न धरता शेवटी ठेवते. दोन्हींची उत्तरं एकमेकांशी किती जातात ते बघून इथंच कळवते.