मदत हवी आहे: जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सावलीवरून वेळ कशी वाचायची?

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या आसपास आईबाबांना घेऊन जयपूरला जायचं ठरतंय. हॉटेल, आमेर, हवामहल यांची माहिती भरपूर मिळाली. माझा प्रश्न फक्त जंतरमंतरबद्दल आहे.

बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. शाळेच्या मैदानात काठी रोवून मुलांकडून सावल्या मोजून घ्यायचे. ही वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंगाचे गुरू जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते आणि त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली, हे ते वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. पण बाबांनी स्वतः ती अजून पाहिलेली नाही. त्यांना तिथे उभं राहून स्वतः वेध घ्यायचा आहे. जो तो सांगतो, 'अर्ध्या तासात बघून होतं, फोटो काढा आणि सिटी पॅलेसला जा.' आम्हाला तसं नको आहे.

तर विचारायचं असं की सम्राट यंत्रावरची (तिथल्या उंच भिंतीच्या सूर्यघड्याळावरची) वेळ आणि मनगटावरच्या घड्याळातली वेळ यांचा मेळ कसा घालायचा? किती वाजता गेलं तर यंत्रं नीट 'चालताना' दिसतात? बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढ-उतार असेल तर काय वगळावं? आणि त्याच प्रवासात जयसिंगाचीच उज्जैनची वेधशाळा जोडावी का? इथे कुणी सवडीने पाहिली असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

बाबांना नमस्कार सांगा. वेळेचं गणित सोपं आहे, घरूनच करून न्या.

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. जयपूर आहे साधारण ७५.८ अंशांवर. फरक ६.७ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे जयपूरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटं मागे. हा फरक बारा महिने तोच. दुसरा फरक रोज बदलतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सुमारे १४ मिनिटं मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे असतो. तुम्ही जाल तेव्हा, १३-१४ जानेवारीला, तो साधारण ९ मिनिटं मागे असेल. म्हणून यंत्रावर अकरा वाजलेले दिसले की घड्याळात ११.३६ झालेले असतील. मध्यान्हही १२ वाजता नाही, १२.३६ च्या सुमारास.

अनेक जण तिथे घड्याळ बघतात, अर्ध्या तासाच्या आसपास फरक दिसतो आणि 'यंत्र चुकतंय' म्हणून पुढे जातात. फार वाईट वाटतं. यंत्र जयपूरची खरी वेळ दाखवतंय, आपलं घड्याळ मिर्झापूरकडची.

प्रतिसाद

वरच्या गणितात भर. सव्वाबाराला बृहत् (म्हणजे मोठ्या) सम्राट यंत्रापाशी पोचा आणि पाऊण तास तिथेच थांबा. २७ मीटर उंचीची ती तिरकी भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे, तिचा कोन म्हणजे जयपूरचा अक्षांश, सुमारे २७ अंश. भिंतीच्या दोन्ही बाजूंना वेळेच्या खुणा असलेल्या वक्र कमानी आहेत. सकाळी सावली पश्चिमेकडच्या कमानीवर वरून खाली उतरते, मध्यान्हाला तळाशी येते आणि मग पूर्वेकडच्या कमानीवर चढू लागते. ही अदलाबदल बघायची. सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. एका खुणेवर नजर ठेवली की ती सरकताना डोळ्यांना दिसते!

सावलीची कड धूसर असते, कारण सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. बारीक काडी दगडापासून बोटभर वर धरा आणि तिची सावली मोठ्या सावलीत जिथे विरते ती जागा वाचा. यंत्राला हात न लावता हे जमतं. बाबांना हा प्रयोग नक्की आवडेल.

गुडघ्यांची काळजी नको, जवळपास सगळं जमिनीवरून दिसतं. जयप्रकाश यंत्राला मात्र निवांत वेळ द्या. जमिनीत दोन अर्धगोल आहेत. एकात जिथे संगमरवरी पट्टी तिथे दुसऱ्यात मोकळी जागा, म्हणजे दोन्ही मिळून पूर्ण आकाश होतं. मोकळ्या जागेत निरीक्षक उभा राहायचा. वर ताणलेल्या तारांच्या छेदावरच्या चकतीची सावली खालच्या जाळीवर सूर्याची जागा दाखवते. माझ्या मते अख्ख्या आवारातली सर्वांत सुंदर कल्पना हीच. नाडीवलय म्हणजे विषुववृत्ताला समांतर, तिरकी बसवलेली दोन तोंडांची सूर्यघड्याळाची तबकडी. तिची जानेवारीत दक्षिणेकडचीच बाजू बघा, उत्तरेकडच्या बाजूवर ऊन मार्च ते सप्टेंबर असतं.

राशिवलयापाशी लोक आपापल्या राशीसोबत फोटो काढतात. ती बारा यंत्रं भविष्यासाठी नाहीत. ज्या राशीचा आरंभ याम्योत्तरावर (आकाशातल्या दक्षिणोत्तर रेषेवर) येतो, त्या वेळी तिचं यंत्र वापरून क्रांतिवृत्तावरची (सूर्याच्या वार्षिक मार्गावरची) स्थिती थेट मोजायची, अशी योजना आहे.

प्रतिसाद

उज्जैन जरूर जोडा. कोटामार्गे मुंबईकडे येणाऱ्या गाड्या नागद्याला थांबतात, तिथून उज्जैन जवळ. यंत्रं आकाराने लहान, पण गर्दी कमी आणि सांगणारी माणसं आस्थेने सांगतात. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक होते. उज्जैनचा रेखांश जवळजवळ जयपूरचाच, त्यामुळे घड्याळाची दुरुस्तीही तीच चालेल. मध्यान्हाला दक्षिणोत्तर भित्तीपाशी (सूर्याची मध्यान्हीची उंची मोजायच्या भिंतीपाशी) थांबा. १६ जानेवारीला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर हवा. जयपूरला १३ तारखेला तोच ४२ च्या आसपास. दोन्हीकडे मोजलंत आणि तीन दिवसांत सूर्य जो सुमारे अर्धा अंश उत्तरेला सरकतो तो वजा केलात, तर दोन गावांच्या अक्षांशांतला फरक बाबांच्या वहीत उतरेल.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच वही काढून दोन्ही गावांचं गणित मांडलं. शेवटचं एकच विचारते: संक्रांतीच्या दिवशीच जावं की आदल्या दिवशी? आणि धुकं असलं तर?

प्रतिसाद

आदल्या दिवशी जा. १४ तारखेला सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत असतं, ते बघायला तो दिवस मोकळा ठेवा. शिवाय १३ ला ढग आले तर वेधासाठी १४ हाताशी राहते. धुकं बहुतेक वेळा सकाळचं असतं, तुमचं मुख्य काम साडेबारानंतरचं. सावली फिकट असेल तर भिंतीच्या वरच्या टोकाची सावली सोडून खालच्या भागाची कड बघा, ती जास्त स्पष्ट मिळते. आईबाबांसाठी टोपी आणि पाणी घ्या, आवारात सावलीची जागा कमी आहे.