ट्रेनिंग नसलेले मास्तर: तुमच्या घरातल्या, गावातल्या आठवणी सांगा

कृष्णाकाठ
काल माळ्यावरची ट्रंक उतरवली. आजोबांचं व्हर्नाक्युलर फायनलचं सर्टिफिकेट निघालं, घड्यांवर फाटलेलं. मराठी सातवी. तेवढ्या शिदोरीवर ते एकोणिसाव्या वर्षी मास्तर झाले, रयत शिक्षण संस्थेच्या व्हॉलंटरी शाळेत, म्हणजे गावाच्या मदतीनं चालणाऱ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी अशा ५७८ शाळा काढल्या. एवढ्या गावांना ट्रेनिंग झालेले मास्तर आणणार कुठून? देवळात चाळीस पोरं, आजोबा एकटे. थोरल्यांना आधी शिकवायचं, मग थोरल्यांनी धाकट्यांकडून पाढे म्हणून घ्यायचे. पुढे साताऱ्याला ट्रेनिंग कॉलेजात गेले. "पोरांवर किती छडी उगाच चालवली ते तिथं कळलं," म्हणायचे. हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा. कालपासून तेच डोक्यात आहे. तुमच्याकडे असं कुणी होतं का?

मृदुला
वाचून गलबलले. कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते.

सातपुडा
मी मेळघाटात होतो. डी.एड. झालेलं, पण तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेचा एक शब्द येत नव्हता. पहिलीतला पोरगा सारखा "डा, डा" म्हणायचा. मला वाटलं, काल शिकवलेला ड आठवला. शाबासकी दिली, पाटीवर डमरू काढून दाखवला. चौथीतला एक म्हणाला, गुरुजी, त्याला पाणी पाहिजे. डा म्हणजे पाणी. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून तो चौथीतला माझा गुरू. तिथं गावातलाच शिकलेला माणूस हवा, मग त्याला ट्रेनिंग द्या. हे मी आजही प्रत्येकाला सांगतो.

निळीशाई
@कृष्णाकाठ, ते सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका!! कागद कायमचा जातो. सुती कापडात सपाट ठेवा. आधी फोटो काढा.

कृष्णाकाठ
बरं झालं सांगितलंत, उद्या दुकानात नेणार होतो.

माणदेशी
आमची वस्तीशाळा, म्हणजे गावापासून लांबच्या वस्तीवरची छोटी सरकारी शाळा, २००१. मी बारावी पास, महिना हजार रुपये. धनगरवस्ती. दिवाळी झाली की पोरं मेंढरांमागं जायची, पटावर २२, समोर ९. पोरी तर त्याआधीच घरी बसायच्या. मी सायकलवर वाड्यापर्यंत, म्हणजे मेंढरांच्या तळापर्यंत जायचो, अंधार पडेस्तोवर वाचून घ्यायचो. डी.एड. नोकरी करता करता केलं. कायम झालो २०१४ ला. तेरा वर्षं बायकोनं घर कसं चालवलं तिचं तिला माहीत. पण त्या ९ मधला एक आता शेजारच्या तालुक्यात गुरुजी आहे, त्याच्या शाळेत मेंढपाळांचीच पोरं.

सातपुडा
माणदेशी, वहिनींना नमस्कार सांगा. वाडा कुठं उतरायचा तुमच्याकडे?

माणदेशी
कोकणात जायचे बरेच. बाकीचे पाणी दिसेल तिकडं.

मृदुला
आले. माझे पणजोबा कोल्हापूर संस्थानात मास्तर होते. शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं शिक्षण आणलं, तेव्हा जो लिहू-वाचू शकेल तो हवाच होता, असं घरात सांगत. आमच्या आजीला मात्र शाळा नाही. भाऊ ओसरीवर धुळाक्षरं काढायचे, ती शेणकूट थापता थापता बघायची. सही तिची ती शिकली. पणजोबा मास्तर, आणि लेक दाराआडून शिकली, याचं मला फार वाईट वाटतं.

निळीशाई
मृदुला, त्या सहीचा एखादा कागद आहे का गं?

मृदुला
रेशनकार्डावर होती. मामाला विचारते.