ग्रँड कॅनियन जानेवारीत: आई-बाबांना घेऊन किती खाली उतरावं?

प्रश्न: कोल्हापूरहून आई-बाबा येतायत, दोघंही पासष्टीच्या पुढचे. सोबत आठ वर्षांची मुलगी. एका दिवसात दरीत कितपत उतरता येईल?

रंकाळाकाठ: साउथ कायबाब वाटेनं ऊ-आह पॉइंट, एका बाजूनं १.४ किमी. तेवढं पुरे. त्याच वाटेवर पुढे सीडर रिज २.४ किमीवर आहे, पण तिथवर सुमारे ३४० मीटर खाली उतरावं लागतं. पन्हाळ्याला आधी चढ, मग उतार; इथं उलटं, दमलेल्या पायांनी चढायचं. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. वाटेत पाणी मिळत नाही.

मिसळप्रेमी: खरा त्रास बर्फाचा. वरची वळणं सावलीत असतात. दुपारी वितळलेलं रात्री गोठून सकाळी काचेसारखं होतं. बुटांवर चढवायचे काटे घ्या. रबरी पट्टा टाचेमागे घट्ट बसायला हवा, सैल असला की काटे बाजूला सरकतात. कोरडा दगड लागला की काढून ठेवा. आणि बाबांचं कोल्हापुरी पायताण हॉटेलातच राहू दे!

प्रश्नकर्ता: गाडी वाटेच्या तोंडापर्यंत जाते का?

रंकाळाकाठ: खासगी नाही, पार्कची मोफत बस जाते. खेचरं आली तर कड्याला चिकटून थांबा, दरीच्या बाजूला नको.