विषय: जुना ओटा, कमी बजेट. लॅमिनेट कोणी बसवलंय का?

प्रेषक: पिस्कॅटवेची नवी सभासद
मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आम्ही इथे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला घर घेतलं. १९७४ सालचं बाय-लेव्हल, म्हणजे दारातून अर्धा जिना वर, अर्धा खाली. छप्पर नवं, फर्नेस बरी, पण स्वयंपाकघर आधीच्या आजी-आजोबांनी जसंच्या तसं जपून आमच्या हवाली केलंय. ओटा बदामी रंगाचा, त्याला कडेनं तपकिरी पट्टी. सिंकच्या पुढ्यात तो पुरीसारखा टम्म फुगलाय. दाबलं की आत भुसा हलतो.

कपाटं मात्र खऱ्या लाकडाची आहेत, दारं नीट लागतात. ती काढायची नाहीत. ओटा एल आकाराचा आहे: सिंकची बाजू ८ फूट, दुसरी ६ फूट, आणि शेगडीच्या पलीकडे २ फुटांचा एक तुकडा. ग्रॅनाईटचं कोटेशन आलं ४,२०० डॉलर, जुना ओटा काढायचे वेगळे. आमच्याकडे सगळं मिळून १,५०० आहेत, आणि गणपतीच्या आधी काम व्हायला हवं.

म्हणून लॅमिनेटचा विचार चाललाय. आपल्या स्वयंपाकाला ते टिकतं का? स्वतः बसवता येतं का? नवऱ्याच्या हाताला ड्रिलची सवय आहे, करवतीची नाही.

प्रेषक: ईस्ट ब्रन्सविकवाला
बुधवार, सकाळी ७:१५

थोडे थांबा, पैसे जमवा आणि क्वार्ट्झ घाला, म्हणजे दगडाचा चुरा राळेत घट्ट करून केलेला ओटा. घर विकताना लोक आधी किचन बघतात. लॅमिनेट बघितलं की भाड्याचं घर वाटतं. स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

प्रेषक: एडिसनच्या काकू
बुधवार, सकाळी ९:४०

मार्चमध्ये घर घेतलंय रे तिनं, विकायला कुठे निघालीय!

अगं, खुशाल लॅमिनेट घाल. माझा ओटा एकवीस वर्षांचा आहे आणि त्यावर किती दिवाळ्यांचा फराळ झाला ते मी मोजलेलं नाही. एवढंच सांगते, पांढरं घेऊ नकोस. दुकानात ते संगमरवरासारखं दिसतं आणि घरी आल्यावर हळदीशी त्याचं वैर सुरू होतं. माझ्या बहिणीनं पांढरं घेतलं. पहिल्याच आठवड्यात हळदीचा डबा कलंडला. तिनं घाईघाईनं साबणाचं फडकं फिरवलं आणि पिवळा डाग लालभडक झाला. ती फोनवर रडकुंडीला आली. म्हटलं, हळदीत चुना घालून कुंकू करतात, विसरलीस का? साबणही चुन्यासारखा क्षारच. मग तिनं हिरव्या घासणीनं खसाखसा घासलं. तिथली चकाकी गेली ती गेलीच. डाग खिडकीखाली होता, उन्हानं दोन-तीन दिवसांत आपसूक फिका झाला. हळदीला ऊन सोसत नाही. तेवढा धीर धरला असता तर घासणीचा ओरखडा वाचला असता.

तेव्हा करडा, वाळूसारखा, बारीक ठिपक्यांचा रंग घे. गुळगुळीत चकचकीतही नको, त्यावर पोळ्यांच्या पिठाचं प्रत्येक बोट दिसतं.

आणि कुकर बर्नरवरून उचलून थेट ओट्यावर ठेवायचा नाही. कढई तर नाहीच. ही सवय घरातल्या पुरुषांना लावायला मला सहा वर्षं लागली.

प्रेषक: सॉमरसेटचे काका
बुधवार, रात्री ११:३०

ताई,

मी तीन घरांचे ओटे केलेत, माझे दोन आणि मुलीचा एक. म्हणून जरा लांबण लावतो.

लॅमिनेट म्हणजे आपलं सनमायकाच. खाली जाड खाकी कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवलेले, वर नक्षीचा कागद मेलामाईनमध्ये, आणि सगळं उष्णतेत प्रचंड दाबाखाली एकजीव केलेलं. मी इलेक्ट्रिकलचा माणूस, त्यामुळे याची जन्मकथा मला विशेष आवडते. १९१२ साली वेस्टिंगहाऊसमधले ओ'कॉनर आणि फेबर हे विजेच्या यंत्रांसाठी अभ्रकाला पर्याय शोधत होते. अभ्रक म्हणजे मायका. ‘फॉर मायका’, मायकाच्या बदली, म्हणून फॉर्मायका. पुढच्या वर्षी सिनसिनाटीत कंपनी निघाली. ओट्यावर, टेबलावर ते नंतर आलं. आपल्या ‘सनमायका’तही तोच मायका बसलाय, आणि अभ्रकाचा कण त्यात नाही.

आता कामाचं. फुगलंय ते लॅमिनेट नव्हे, खालचा पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा गोंदात दाबून केलेली फळी. वरचा पत्रा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकतो. पाणी आत शिरतं ते सिंकच्या कापलेल्या कडेतून, सांध्यातून आणि भिंतीकडच्या फटीतून. बोर्ड ठणठणीत असता तर मी म्हणालो असतो की जुन्यावरच घासून नवा पत्रा चिकटवा. तुमचा गेलाय, तो काढाच.

मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांत तयार तक्ते मिळतात, पुढची कड गोल वळवलेली, मागे चार इंचांची भिंतपट्टी जोडलेली. ४, ६, ८, १० फूट अशा मापांत येतात. एल आकारासाठी कोपऱ्यात ४५ अंशांत कापलेले घ्या. तो काप घरी करायच्या फंदात पडू नका. खाली टी आकाराच्या खाचा असतात, त्यात बोल्ट बसतात. सांध्याला लाकडाचा गोंद भरपूर लावा, वरच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ द्या आणि बोल्ट थोडे थोडे आळीपाळीनं आवळा. दर आवळणीनंतर वरून बोटाचं नख फिरवा. नख अडलं तर एक बाजू वर आहे. लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोका आणि मग पुढे आवळा. गोंद वाळल्यावर सुधारता येत नाही.

१९७४ सालच्या घराची भिंत सरळ नसणार. तक्ता लावून बघाल तर मध्ये दोन-तीन सूत फट दिसेल (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कर्कटक घ्या, त्याचं टोक भिंतीवरून आणि पेन्सिल भिंतपट्टीच्या वरच्या कडेवरून ओढा. भिंतीची वळणं तक्त्यावर उमटतील. त्या रेघेपर्यंत बेल्ट सँडरनं घासा. उरलेली फट सिलिकॉननं भरा, पण सिलिकॉननं तीन सूत बुजवू नका.

कापण्याबद्दल. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून तक्ता उलटा करून मागून कापा, नाहीतर पुढचा पत्रा टवके टाकतो. रेघेवर मास्किंग टेप लावा. सिंकचं भोक काढताना आधी चार कोपऱ्यांत ड्रिलनं गोल छिद्रं पाडा आणि मग छिद्र ते छिद्र करवत चालवा. टोकदार कोपरा ठेवला तर तिथून पत्रा तडकतो. आणि कापून पडणाऱ्या तुकड्याला कोणीतरी हात द्या, शेवटच्या इंचाला तो स्वतःच्या वजनानं मोडतो आणि कड घेऊन जातो.

सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे, आणि नेमकं हेच सगळे विसरतात. कापलेली उघडी कड म्हणजे नुसता भुसा. सिंक ठेवायच्या आधी तिला पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात द्या, वाळू द्या, मग सिलिकॉन आणि मग सिंक. नळाच्या छिद्रांच्या आतूनही. तुमच्या ओट्याचा बनवणारा इथेच आळसावला असणार. डिशवॉशर असेल तर त्याच्या वर, ओट्याच्या खालच्या अंगाला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. दार उघडल्यावर वाफ तिथेच जाते.

उष्णतेचं काकू म्हणाल्या ते बरोबर. १३५ अंश सेल्सियसच्या वर लॅमिनेटची शाश्वती नाही आणि तळणीचं तेल सहज १८०ला असतं.

क्वार्ट्झवाल्या मित्राला: दगड ज्याला परवडतो त्यानं जरूर घालावा. पण क्वार्ट्झचा कृत्रिम दगड कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीनं कारागिरांची फुप्फुसं गेली, म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४पासून त्यावर बंदी आणली. किमतीच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसतं.

प्रेषक: हिल्सबरोचा पोऱ्या
गुरुवार, दुपारी १२:२०

काकांना साष्टांग. माझे दोन अनुभव, दोन्ही स्वतःच्या अकलेचे.

एक, एल आकाराला एक डावा आणि एक उजवा तक्ता लागतो. मी दोन डावे आणले. गराजमध्ये जोडून बघतो तर एकाची भिंतपट्टी मागे आणि दुसऱ्याची पुढे. बायको काही बोलली नाही, फक्त फोटो काढला. दुकानात जायच्या आधी कागदावर वरून दिसेल तसं चित्र काढा आणि तेच सोबत न्या.

दोन, ओटा कपाटाला खालून स्क्रूनं धरतात. जुने स्क्रू हरवले म्हणून मी दीड इंची वापरले. तक्ता पाऊण इंचाचा. चहा ठेवताना बघितलं तर वर छोटासा डोंगर आणि त्याच्या शिखरावर चमचमतं टोक. आता त्यावर कायम फळांची टोपली असते.

प्रेषक: यादीचे व्यवस्थापक
गुरुवार, संध्याकाळी ६:०५

दगड विरुद्ध लॅमिनेट या विषयावर मला खासगीत चार मेल आलेत. तो वाद दिवाळी अंकासाठी राखून ठेवूया. इथे फक्त कामाचं.

प्रेषक: एडिसनच्या काकू
गुरुवार, रात्री ९:००

कामाचंच लिहिते. खलबत्ता ओट्यावर नको, दाणे कुटायचे तर जमिनीवर जाडसर टॉवेल घालून. विळीखाली फळी. आणि मुली, कपाटं रंगवणार असशील तर आधी रंग तपासून घे. १९७८च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. तपासायच्या काड्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. घरात लहान मूल आहे ना?

प्रेषक: पिस्कॅटवेची नवी सभासद
सात आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:१०

नमस्कार मंडळी,

ओटा बसला! उशिरा कळवतेय, कारण बसल्यापासून त्यावर सतत काहीतरी शिजतंय.

जुना काढायलाच अख्खा शनिवार गेला. खालचे स्क्रू काढून झाले तरी तो हलेना. भिंतीकडची सिलिकॉनची रेघ सुरीनं कापल्यावर मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज करत सुटला. सिंकखालचा बोर्ड हातात घेतला तर ओल्या बिस्किटासारखा चुरा झाला. कड उघडीच होती, काका, पॉलियुरेथेनचा पत्ता नाही.

तक्ते एक डावा, एक उजवा असेच आणले. दुकानातल्या माणसाला चित्र दाखवलं तेव्हा तो म्हणाला की चित्र घेऊन आलेली या आठवड्यातली पहिली तुम्हीच. नवऱ्यानं सिंकचं भोक उलट्या बाजूनं कापलं, मी खालून तुकडा धरला, मुलगी टेपचा रिंग हातात घालून उभी. कोपऱ्याच्या सांध्याला पहिल्यांदा नख अडलं. चार वेळा ठोकलं तेव्हा कुठे सपाट झालं. भिंतीकडची घासणी मात्र अर्धवट जमली, खिडकीखाली अजून एक सूत फट आहे. ती सिलिकॉनमध्ये गेली आणि वर मी तुळशीची कुंडी ठेवलीय.

खर्च विचाराल म्हणून: तक्ते ३९०, टोकाच्या पट्ट्या आणि बोल्ट ४५, सिंक १८०, नळ ९५, सिलिकॉन, टेप, पाती वगैरे ६०. सिंकखालचे व्हॉल्व्ह बंदच होईनात, तिथे हात टेकले आणि प्लंबर बोलावला, त्याचे २२०. रंग-प्रायमर १४०, कपाटांच्या नव्या मुठी ७५. एकूण १,२०५. बेल्ट सँडर काकांचा, तो पुढच्या रविवारी परत आणते, सोबत डबाही आणते. रंगात शिसं निघालं नाही, काकू, काडी पांढरीच राहिली.

रंग वाळूसारखा घेतलाय. काल पहिल्यांदा त्यावर मोदकांची उकड मळली. कुकरसाठी शेगडीच्या पलीकडच्या तुकड्यावर लाकडी पाट ठेवलाय, माझ्या सासूबाईंचा, सोलापूरहून आलेला.

आणि एक. जुन्या ओट्याचा साडेतीन फुटांचा चांगला तुकडा गराजमध्ये आहे, बदामी रंगाचा, तपकिरी पट्टीसकट. मखराखाली ठेवायला कोणाला हवा असेल तर शुक्रवारच्या आत न्या. नाहीतर कचऱ्याच्या गाडीत जाईल.

प्रेषक: ईस्ट ब्रन्सविकवाला
रविवार, दुपारी ४:३२

मी घेतो. बुधवारी सहा वाजता आलो तर चालेल? गाडीत मागची सीट पाडून साडेतीन फूट मावतात, आत्ताच मोजलं.