मदत हवी आहे : तीन एकरांत काय लावायचं? एएचपीत काकांची उत्तरं जुळेनात

नमस्कार मंडळी. मी बेळगावात हिशेबाचं काम करते. खानापूर तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे, उताऱ्यावर काका, बाबा आणि दादा अशी तिघांची नावं. यंदा ऊस, रताळी की नेहमीचं भात, यावर दर रविवारी वाद. दादा उद्यमबागेत कामाला, त्याला ऊस हवा. काका म्हणतात, राखण करायला कोण येणार? बाबा दोघांनाही हो म्हणतात.

कॉलेजात शिकलेली एएचपी (Analytic Hierarchy Process, अनेक निकष तोलून निर्णय घ्यायची रीत) आठवली आणि मी शहाणपणा केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : १९७० च्या दशकात थॉमस साटी यांनी बसवलेली ही रीत. सगळे निकष एकदम तोलायचे नाहीत, दोन-दोन घेऊन विचारायचं, यातलं जास्त महत्त्वाचं कुठलं आणि किती. सारखं असेल तर १, थोडं जास्त तर ३, बरंच तर ५, खूपच तर ७, टोकाचं तर ९. उलट बाजूला त्याचा व्यस्त, म्हणजे १/३, १/५. त्यातून प्रत्येकाचं वजन निघतं.

आधी मी आठ निकष काढले होते. आठांच्या जोड्या होतात २८. अकराव्या प्रश्नाला काका उठून गोठ्यात गेले. मग अक्कल आली आणि दोन पायऱ्या केल्या : वर उत्पन्न आणि जोखीम, जोखमीच्या खाली फक्त तीन : जनावरं (गवे आणि डुकरं), मजूर, पाणी. आता जोखमीखाली तीनच प्रश्न उरले. काकांची उत्तरं अशी :

जनावरं मजुरांपेक्षा ५. (तरणी पोरं सगळी गोव्याला नाहीतर बेळगावला, तरी काका म्हणाले, "मजूर दोन दिवस उशिरा मिळतो गे, डुक्कर एका रात्रीत वरंबे उकरून जातंय.")
मजूर पाण्यापेक्षा ३.
जनावरं पाण्यापेक्षा ३.

इथे घोडं अडलं. जनावरं मजुरांच्या पाचपट आणि मजूर पाण्याच्या तिप्पट, तर जनावरं पाण्याच्या पंधरापट हवीत. पट्टी ९ लाच संपते हे मान्य, पण ३? लॅम्डा मॅक्स (उत्तरं आपसात किती जुळतात हे सांगणारा आकडा, तीन निकषांत पूर्ण जुळली तर नेमका ३) ३.२९ आला. त्यातून ३ वजा करून २ ने भागलं तर ०.१४७, आणि तीन निकषांसाठी ठरलेल्या ०.५८ ने भागल्यावर सुसंगती गुणोत्तर ०.२५. चालतं ०.१० पर्यंत.

शेवटच्या ३ चे मी ७ केले तर तेच गुणोत्तर ०.०५६ वर येतं. जनावरांचं वजन ०.६५ चं ०.७३ होतं, क्रम तोच राहतो. मग प्रश्न असे :

१. गपचूप ७ करून टाकू का? काकांना कळणारही नाही. पण मलाच बरं वाटेना.
२. जनावरं विरुद्ध मजूर याला दादानं बरोब्बर उलटं, १/५ दिलंय. दोघांची सरासरी कशी काढायची? साधी काढली तर २.६ येते.
३. दादा आता मध्येच काजूही घाला म्हणतोय. नंतर घातला तर बाकीच्यांचा क्रम बदलतो का?

---

प्रतिसाद १

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते सोपं आहे. हो, बदलू शकतो. नवा पर्याय आला की आधीच्या पर्यायांचा आपसातला क्रम उलटू शकतो, या पद्धतीवर १९८३ पासून हीच टीका होत आलीय. काजू घालायचा तर पहिल्यापासून घाला. नाहीतर प्रत्येक निकषात सगळ्यांत चांगल्या पर्यायाला १ धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात मोजा. तसं केलं आणि काजू कुठल्याच निकषात सगळ्यांत वर नसला, तर इतरांचा क्रम हलत नाही.

दुसरा प्रश्न : साधी सरासरी इथे चालत नाही. प्रश्न उलटा विचारून बघा, मजूर विरुद्ध जनावरं. काकांचं १/५, दादाचं ५, सरासरी पुन्हा २.६. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींपेक्षा २.६ पट मोठ्या! गुणोत्तरी सरासरी घ्या : ५ आणि १/५ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ १, दोन्हीकडून १. पण खरं सांगायचं तर तुमच्याकडे तीही घेऊ नका. "दोन्ही सारखंच" हे ना काकांचं मत, ना दादाचं. दोघांचे तक्ते वेगळे सोडवा. शेवटी पीक एकच निघालं तर वादच नाही.

आणि ७ अजिबात करू नका. ०.२५ म्हणजे बेरीज चुकली असं नव्हे. कुठला तरी प्रश्न नीट विचारला गेला नाही एवढंच ते सांगतंय. काकांकडे परत जा.

प्रतिसाद २

ताई, डुक्कर पाच की सात हे डुकरालाच विचारायला हवं. 🙂 चेष्टा सोडा. आमच्याकडं निपाणीच्या बाजूला हा प्रश्न पडत नाही, तिकडं गवे सहसा येत नाहीत. पण काकांना आकडा विचारू नका. दहा दाणे घ्या आणि म्हणा, याला किती, त्याला किती. हात थांबतो तिथं त्यांचं खरं मत असतंय.

प्रतिसाद १

दाण्यांची कल्पना चांगली आहे, पण त्यांनी दाणे वाटले तरी दोन-दोनच निकष पुढ्यात ठेवा. तिन्ही एकदम ठेवले की बेरीज जमवण्याकडे लक्ष जातं.

---

धागाकर्ती

काल गावी जाऊन आले. दाणे नव्हते, काजूच्या बिया घेतल्या (दादाचा शकुन). जनावरं आणि पाणी एवढंच पुढे ठेवलं, तर काकांनी बी हातात धरून मलाच विचारलं, "कुठलं पाणी? वरच्या माळाचं की खालच्या खाचराचं?"

आणि तिथंच सगळं उलगडलं. मजूर-पाणी विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे माळ होता. तिथलं पीक पावसावर येतं, पाण्याची काळजीच नाही. जनावरं-पाणी विचारलं तेव्हा खाचर आठवलं, जिथं गेल्या आषाढात पाणी तुंबून भाताची रोपं कुजली. शब्द एकच, शेतं दोन. माळापुरतं विचारल्यावर त्यांनी पाण्याकडे एक बी ठेवून सात जनावरांच्या बाजूला सरकवल्या, मी न सांगता.

म्हणजे तीन एकरांत काय लावायचं हा प्रश्नच चुकीचा होता. माळाचा तक्ता वेगळा, खाचराचा वेगळा. माळावर काकांच्या हिशेबानं काजू पुढे येतोय, कारण रताळं म्हणजे डुकरांना आवतणच. खाचराचे आकडे अजून व्हायचेत. तिथं ऊस धरायचा तर कारखान्याचं बिल हातात कधी पडतं हे उत्पन्नाखाली वेगळं मोजावं लागेल का? दादा रविवारी येतोय, त्याच्या आधी सांगा.