जुना एलटीओ-४ टेप ड्राइव्ह कुरकुरतोय: दुरुस्त करावा, बदलावा की टेपच सोडावी?

ध्वनीखोली:
नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या संस्थेकडे मुलाखती, भाषणं, लोकगीतं अशा ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. सगळं मिळून ९ टीबीच्या आसपास, आणि दरवर्षी एखाद्या टीबीची भर पडते. बॅकअप पहिल्यापासून एलटीओ-४ टेपांवर (संगणकाचा डेटा साठवणाऱ्या चुंबकीय फितींची चौथी पिढी). सास (सर्व्हरमध्ये वापरली जाणारी एक जोडणी) जोडणीचा ड्राइव्ह, लिनक्स सर्व्हर, बॅकअपचं सॉफ्टवेअर बॅक्युला.

हल्ली एक टेप भरायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. ड्राइव्हच्या छोट्या पडद्यावर 'सी' अक्षर येतं. क्लीनिंग टेप घातली की जातं, पण पुढच्याच बॅकअपला पुन्हा हजर. शेवटच्या बॅकअपला मध्येच राइट एरर येऊन काम थांबलं आणि '६' दिसला. जवळ कान नेला तर टेप पळते, थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा पळते, असा आवाज सतत चालू असतो.

हेड (टेप वाचणारा-लिहिणारा भाग) गेलं असेल का? दुरुस्तीच्या मागे लागावं की नव्या पिढीचा ड्राइव्ह घ्यावा? की हार्डडिस्क किंवा क्लाउडवर जावं? जाणकारांनी सांगावं.

खटका:
आधी सोप्या गोष्टी बघून घ्या. ड्राइव्ह साध्या सास कार्डाला जोडलाय की रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डाला? बरीच रेड कार्डं टेपशी नीट बोलत नाहीत. केबल काढून पुन्हा बसवा, दुसरी असेल तर तीच लावा. अर्थात जोडणीचा दोष असता तर तुमच्या वर्णनातल्या ड्राइव्हवर बहुधा '८' दिसला असता. '६' म्हणजे ड्राइव्ह किंवा टेप, दोहोंपैकी एक.

उत्तररात्र:
दोन प्रश्न. टेपांवर जे आहे ते सगळं आज सर्व्हरवरही आहे ना? आणि क्लीनिंग टेप किती जुनी आहे? ती साधारण ५० वेळाच चालते, नंतर ड्राइव्ह ती नाकारतो. सारखी वापरूही नका. ती घासूनच साफ करते, त्यामुळे गरज नसताना घातली तर हेड झिजतं.

ध्वनीखोली:
क्लीनिंग टेप यंदाच आणलेली आहे. कार्ड साधंच आहे, रेड नाही. केबल बदलून पाहतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. सर्व्हरवर जागा संपत आली तेव्हा जुन्या वर्षांचं काम टेपवर टाकून तिथून काढलं गेलं. सुमारे ४ टीबी फक्त टेपांवर आहे. त्यातल्या बऱ्याच मूळ कॅसेटी आता वाजण्याच्या अवस्थेत नाहीत.

उत्तररात्र:
मग तुमचा प्रश्नच बदलला. त्या ४ टीबीचा बॅकअप नाहीच, ती एकुलती एक प्रत आहे. कोणता ड्राइव्ह घ्यायचा हे नंतर ठरवू. आज या ड्राइव्हवर काहीही लिहिणं बंद करा. त्याच्यात जो काही जीव उरलाय तो वाचण्यासाठी राखून ठेवा. रोजच्या बॅकअपला तोवर एक बाहेरची हार्डडिस्क लावा.

त्या जुन्या टेपांवरची लिहिण्याची खिटी आत्ताच बंद करा. कोपऱ्यातली ती छोटी सरकपट्टी सरकवली की चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही.

मग ड्राइव्हची तपासणी, पण महत्त्वाच्या टेपेवर नाही. एक कोरी, नवी टेप घाला आणि त्यावर थोडं लिहून परत वाचून बघा. नव्या टेपेवरही तेच रडगाणं असेल तर दोष ड्राइव्हचा. नवी सुरळीत चालली आणि एकाच जुन्या टेपेवर अडतंय, तर ती टेप गेलेली. ड्राइव्हच्या नोंदी वाचायला एसजी३-युटिल्स मधलं एसजी_लॉग्ज किंवा स्मार्टसीटीएल ही कमांड चालवा. टेपअलर्टचे, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच नोंदवतो ते, एकूण ६४ इशारे असतात. २० म्हणजे 'आत्ता साफ करा', ४ म्हणजे टेपेत दोष, ५ वाचताना आणि ६ लिहिताना अपयश. हे इशारे एकदा वाचले की पुसले जाऊ शकतात, म्हणून आउटपुट थेट फाइलमध्ये साठवा. दुरुस्त झालेल्या आणि न झालेल्या चुकांचे आकडेही तिथेच मिळतात. दुरुस्त झालेल्या चुका थोड्याफार असतातच. प्रत्येक टेपेगणिक त्या वाढत चालल्या असतील तर हेड झिजलंय असं धरून चाला.

स्पिरिट आणि कापूस घेऊन हेड पुसायला जाऊ नका. त्याने हेडची नाजूक जुळणी बिघडू शकते.

आता तो आवाज. एलटीओ-४ सेकंदाला १२० एमबी लिहितो. अख्खी ८०० जीबीची टेप दोन तासांच्या आत भरायला हवी. सर्व्हरकडून डेटा फारच हळू, ढोबळमानाने ३०-४० एमबीच्याही खाली येऊ लागला की ड्राइव्ह वेग आणखी कमी करू शकत नाही. त्याला थांबून, मागे येऊन, पुन्हा धाव घ्यावी लागते. बूट पॉलिश करणाऱ्याचा कपडा जसा मागेपुढे होतो तशी ती फीत हेडवरून फिरते, आणि दोन्ही झिजतात. लहान लहान फाइली थेट जुन्या डिस्कवरून टेपेवर पाठवत असाल तर हेच होणार. बॅक्युलात स्पूलिंगची सोय आहे: आधी एसएसडीवर डेटा गोळा करायचा, मग एका दमात टेपेवर. ड्राइव्ह बदलला आणि हे बदललं नाही, तर नव्या ड्राइव्हचेही हेच हाल होतील.

आणखी एक, आणि हे फार लोक विसरतात. बॅक्युलाचा कॅटलॉग डेटाबेस (कोणती फाइल कोणत्या टेपेवर आहे त्याची यादी) आजच वेगळीकडे कॉपी करून ठेवा. तो गेला तर बॅक्युलाच्याच बीस्कॅन साधनाने टेपा पहिल्यापासून वाचून तो उभा करावा लागतो, म्हणजे थकलेल्या ड्राइव्हवर आणखी एक पूर्ण फेरी. एन्क्रिप्शन चालू असेल तर किल्ली कुठे आहे तेही बघा. किल्ली हरवली तर टेप शाबूत असूनही डेटा गेला.

बाराखडी:
९ टीबीसाठी टेप कशाला ठेवायची, असं माझं स्पष्ट मत आहे. १६ टीबीच्या एकाच डिस्कमध्ये हे सगळं मावतं. दोन डिस्कचा झेडएफएस मिरर (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी मांडणी), महिन्याला स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं), शिवाय तिसरी डिस्क आलटून पालटून दुसऱ्या इमारतीत. डिस्क घेताना फक्त सीएमआरच (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) घ्या. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क मिररमध्ये नव्याने बसवताना फार रडवते.

क्लाउडबद्दल: सेकंदाला १०० मेगाबिटची अपलोड लाइन पूर्ण वापरली तरी ९ टीबी चढायला आठ दिवसांच्या वर लागतात. स्वस्त आर्काइव्ह वर्गात, उदाहरणार्थ ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये, फाइल परत मागितली की १२ ते ४८ तास थांबावं लागतं, आणि बाहेर काढायचे पैसे वेगळे. तिसरी प्रत म्हणून चांगलं, पहिली म्हणून नको.

साठवण:
बाराखडी, डिस्कबद्दल बरोबर, पण टेप सोडून द्यायला माझा विरोध आहे. सतत जोडलेल्या डिस्कवरची प्रत एका चुकीच्या कमांडने किंवा रॅन्समवेअरने (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) मूळ डेटाबरोबरच जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही वापरकर्त्यांची पत्रं एका सॉफ्टवेअर बगमुळे नाहीशी झाली. तो बग वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींपर्यंत पोचला होता. शेवटी पत्रं परत आली ती टेपांवरून, कारण टेपा जोडलेल्या नव्हत्या. संग्रहासाठी कपाटात ठेवलेली प्रत हवीच.

ध्वनीखोली, ड्राइव्ह घेताना पिढ्यांचं गणित नीट बघा. सातव्या पिढीपर्यंत प्रत्येक ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचतो आणि मागच्या एकाच पिढीवर लिहितो. म्हणजे एलटीओ-५ आणि एलटीओ-६ तुमच्या टेपा वाचतील. एलटीओ-७ वाचणार नाही. एलटीओ-८ तर फक्त ७ आणि ८ ओळखतो. दुकानदार 'नवीनच घ्या' म्हणाला आणि तुम्ही आठवी पिढी आणलीत, तर जुन्या टेपांसाठी हाच आजारी ड्राइव्ह उरतो.

म्हणून माझा सल्ला: हमीसह मिळणारा, तपासलेला वापरलेला एलटीओ-६. त्यावर तुमच्या एलटीओ-४ टेपा वाचता येतील आणि नव्या २.५ टीबीच्या टेपांवर लिहिता येईल. खोक्यावरचा ६.२५ टीबी हा आकडा २.५ पट कॉम्प्रेशन धरून छापलेला असतो. ध्वनिमुद्रणं तेवढी दबत नाहीत, आणि फ्लॅक (आधीच दाबलेला ध्वनीचा फाइल-प्रकार) असतील तर जवळपास अजिबातच नाहीत. ९ टीबीला चार टेपा धरा.

ध्वनीखोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. लिहिणं थांबवलं, खिट्या बंद केल्या, कॅटलॉगची कॉपी झाली. एन्क्रिप्शन नव्हतंच. केबल बदलूनही फरक नाही. नव्या टेपेवरही राइट एरर आला आणि २० नंबरचा इशारा आहे, म्हणजे ड्राइव्हच थकलाय. पण त्याच नव्या टेपेवर जेवढं लिहिलं गेलं होतं तेवढं विनातक्रार वाचलं. आता याच ड्राइव्हवर जुन्या टेपा वाचायला घेऊ, की एलटीओ-६ येईपर्यंत थांबू?

उत्तररात्र:
एलटीओ-६ थोड्या दिवसांत हाती येणार असेल तर थांबा. झिजलेल्या हेडवरून एकमेव प्रत फिरवण्यात धोका आहे, आणि टेप आत अडकली किंवा टोकाची पिन निसटली तर काम फार अवघड होऊन बसतं. लवकर मिळणार नसेल तर सगळ्यात कमी महत्त्वाच्या टेपेपासून सुरुवात करा.

नवा ड्राइव्ह आला की आधी तुमच्याकडची एखादी बिनमहत्त्वाची एलटीओ-४ टेप त्यात वाचून बघा, मगच खऱ्या टेपा. दरम्यान त्या टेपा खोक्यात उभ्या ठेवा, १६ ते २५ अंश तापमानात, दमट जागेपासून लांब. रिस्टोअर झालेल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ठसा) काढून यादी ठेवा. बॅक्युलाने कॅटलॉगमध्ये चेकसम (असेच ठसे) साठवले असतील तर त्यांच्याशीही पडताळा.

साठवण:
+१. आणि ४ टीबी दोन डिस्कवर उतरून पडताळणी होईपर्यंत एकही जुनी टेप पुन्हा वापरायला काढू नका.

बाराखडी:
हे मान्य. डिस्क आणि टेप दोन्ही ठेवा. रिस्टोअर सुरू झालं की इथे कळवा, झेडएफएसच्या मांडणीत मदत करतो.