मदत हवी आहे: प्यायच्या पाण्याच्या मशीनचा फिल्टर बदलायची वेळ झाली हे घरी कसं ओळखायचं? (फोंडा, जरा घाई आहे)

फोंड्याची_माय
मशीनचा लाल दिवा लागून राहिलाय आणि वर पीं पीं चालू. टेक्निशियन येऊन म्हणतो, सगळे फिल्टर आणि मेंब्रेन बदलावं लागेल, साडेपाच हजार. गेल्या चवथीला तर सगळं बदललं होतं! पाणीही हल्ली फार हळू येतं आणि चव बिघडलीय. खरंच वेळ झाली की तो गंडवतोय? चवथ तोंडावर आली, घर भरणार. 'गुगल करा' म्हणू नका, कृपा होईल.

रगाडो
मशीन कुठलं? आरओ (मेंब्रेनच्या बारीक पडद्यातून क्षार गाळणारं), यूव्ही (अतिनील दिव्याने जंतू मारणारं) की दोन्ही? पाणी नळाचं की विहिरीचं? टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, किती? चव बिघडलीय म्हणजे कशी, खारट, मातकट, की औषधासारखी?

फोंड्याची_माय
पांढरं आहे, ओट्याच्या वर भिंतीला लावलेलं. पाणी पाण्यासारखं. बदलू की नको एवढंच विचारलं होतं हो.

माशेलचो_भाटकार
आरओ असेल तर काढूनच टाका. गोव्यात आरओ हवंय कुणाला? फोंडा-तिसवाडीला खांडेपार नदीचं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, माझ्या नळाला टीडीएस शंभराच्या आत. भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो. २०१९ साली हरित लवादानेसुद्धा ५०० च्या खाली आरओवर बंदी घाला म्हणून केंद्राला सांगितलं होतं. अर्धं पाणी मोरीत सोडायचं आणि वर वर्षाला हजारो रुपये मोजायचे! आमच्याकडे कँडलचा साधा फिल्टर आहे, आठवड्याला ब्रशने घासतो, झालं.

मडगावचो_फिटर
भाटकारबाब, तुमचं मत माहीत आहे, प्रत्येक धाग्यावर असतं. त्यांनी आरओ ठेवू की काढू विचारलेलं नाही.
ताई, मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. बहुतेक मशीनचा लाल दिवा म्हणजे आतलं घड्याळ. इतके महिने झाले किंवा इतके लिटर गेले की लागतो. तुमच्या पाण्यात काय आहे ते त्याला कळत नाही. बदलून झाल्यावर टेक्निशियनने रिसेट केलं नसेल तरी लागतो. काही मॉडेलमध्ये पाण्याचा दाब कमी झाला तरी लाल दिवाच, म्हणून पुस्तिका बघा. आणि मशीनच्या आधी वेगळा प्रीफिल्टर आहे का? पारदर्शक डबा, आत पांढरी गुंडाळी असते तो?

फोंड्याची_माय
आहे तो डबा. पण गुंडाळी पांढरी नाही, तांबडी आहे. आधीपासूनच तशी असते ना?

रगाडो
ताई!! 😄

मडगावचो_फिटर
नाही हो. नवीन गुंडाळी, आम्ही तिला स्पन म्हणतो, दुधासारखी पांढरी असते. साधी पाच मायक्रॉनची, शेदीडशेत मिळते. पावसाळ्यात गाळ जास्त, म्हणून इकडे जून ते सप्टेंबर दोनदा तरी बदलावी लागते. मशीनच्या आतल्या वार्षिक सेटमध्ये ती बहुतेक वेळा धरलेलीच नसते. पाणी हळू येण्याचं पहिलं कारण तीच.
आजच करून बघा. मशीनचा प्लग काढा. प्रीफिल्टरकडून मशीनकडे जाणारी पांढरी नळी सोडवून बादलीत धरा आणि कॉक उघडा. धार जोरात आली तर अडलंय मशीनच्या आत. बारीक आली तर कॉक बंद करा, पान्याने डबा उघडा, स्पन काढून डबा परत लावा, पुन्हा धार बघा. आता जोर आला तर स्पन संपलाय. तरी बारीकच असेल तर वरच्या टाकीचा दाब कमी नाहीतर कॉक चोंदलाय, मग फिल्टर बदलून काही उपयोग नाही. डबा लावताना काळी ओ-रिंग खाचेत नीट बसवा, नाहीतर ओटाभर पाणी.

पर्वरी_ऑनलाइन
सॉफ्टनर बसवा. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसवला, गिझर, वॉशिंग मशीन सगळं सुधारलं. केस गळायचेही थांबले.

रगाडो
सॉफ्टनर क्षारवाल्या पाण्याला. इथे पाणी मुळातच मऊ, साबण जाता जात नाही अंगावरचा. केसांचं दुसऱ्या धाग्यावर विचारा.
@फोंड्याची_माय, तांबडी गुंडाळी म्हणजे विहीर वापरता काय?

फोंड्याची_माय
पावसात विहीरच. सरकारी नळ आहे, पण पाऊस लागला की गढूळ येतं, म्हणून वरच्या टाकीत विहिरीचं चढवतो. टेक्निशियनने मीटर लावला होता: आत जाणारं ६०, बाहेर येणारं १२. चव औषधासारखी. डिस्पेन्सरीतून ब्लिचिंग पावडर मिळाली होती ती विहिरीत टाकली, त्याचा काही संबंध?

रगाडो
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! संबंध आहे, आणि चांगलाच. ब्लिचिंग पावडरमधलं क्लोरीन पकडायचं काम मशीनमधल्या कार्बन फिल्टरचं. कार्बन भरला की क्लोरीन पुढे मेंब्रेनवर जातं आणि मेंब्रेन कायमचं खराब करतं. विहिरीत पावडर टाकली की एक-दोन दिवस मशीन बंद ठेवायचं, वास गेल्यावर सुरू करायचं. शुद्ध पाण्याला अजून औषधी वास येत असेल तर कार्बन बदला. यात टीडीएस मीटर काही सांगणार नाही, तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो.

तांबडी_माती
६० चे १२ म्हणजे ८० टक्केच अडवतंय. ९० हवं. मेंब्रेन गेलं, बदलाच.

मडगावचो_फिटर
एवढ्यावर मेंब्रेन गेलं म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घालवणं. मुळात ६०, त्यात मीटर एक-दोन आकडे इकडेतिकडे दाखवतो. वर बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो, तो उघडा असला तर आकडा वाढणारच. बसवलं तेव्हा किती होता ते बिलावर लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. तेव्हाही १२-१४ असेल तर मेंब्रेन ठीक आहे.

तांबडी_माती
आणि लोह? डिचोलीत आम्ही खाणींच्या शेजारी वाढलो. विहिरीचं पाणी कळशीत नितळ, रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस. विरघळलेलं लोह स्पनमधून सरळ पार होतं आणि मेंब्रेनवर बसतं.

मडगावचो_फिटर
हे मान्य. बाटलीत विहिरीचं पाणी भरून, झाकण सैल ठेवून उद्यापर्यंत ठेवा. नुसती माती असेल तर आत्ताच गढूळ दिसेल. आत्ता नितळ आणि उद्या तांबूस, तर लोह. मग लोहाचा वेगळा फिल्टर लागेल, नाहीतर दरवर्षी हेच रडगाणं.

माशेलचो_भाटकार
म्हणून म्हणतो, उकळा. आमची आजी तांब्याच्या भाणात उकळायची, नव्वदी गाठली.

घुमट_घुम
भाणात आंघोळीचं पाणी उकळायचे हो भाटकार 😂

रगाडो
उकळून जंतू मरतील, लोह आणि गाळ तिथेच राहणार. पण स्पन बदलेपर्यंत प्यायचं पाणी उकळून घ्या, हे भाटकारांचं बरोबर आहे. अजून एक, यूव्हीचा दिवा असेल तर तो मात्र तारखेनेच बदलायचा, साधारण वर्षाने. निळा उजेड दिसत राहतो पण जंतू मारायची ताकद उतरलेली असते, आणि ते चवीवरून, धारेवरून कळत नाही.

फोंड्याची_माय
करून बघितलं. स्पन असताना धार बारीक, स्पन काढला तर बादली लगेच भरली. स्पन हातात घेतला तर चिखलाचा गोळा, बोटाला तेलकट लागतं. बिल शोधलं, त्यावर बाहेरचं १० लिहिलंय. मग मेंब्रेन नको ना? यूव्हीचा दिवा आहे, तो गेल्या चवथीलाच बदललेला. बाटली भरून ठेवलीय. टेक्निशियनला फोन केला तर म्हणतो, सुटं देत नाही, पूर्ण सेटच घ्यावा लागेल.

मडगावचो_फिटर
दहाचे बारा हा मीटरचाच फरक, मेंब्रेन नको. स्पन, कार्बन आणि यूव्हीचा दिवा घ्या, कुठल्याही आरओ स्पेअरच्या दुकानात सुटे मिळतात. जुना कार्बन आणि दिवा सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात. दोन स्पन जास्तीचे घ्या. कार्बन लावल्यावर पहिलं काळं पाणी सोडून द्या, पहिल्या एक-दोन टाक्या पिऊ नका.

घुमट_घुम
फोंड्यात असं दुकान कुठे आहे? मलाही स्पन हवाय, आमचा काळा झालाय.

तांबडी_माती
काळा म्हणजे मँगनीज असू शकतं. कुठे राहता? विहीर की नळ?